रक्ताविना उमटलेली रेघ

त्या रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एकेकाळी तेथे चित्रपट दाखवले जात. आता पडदा निघून गेला होता आणि त्याच्या जागी पांढरे कापड ताणून पुढे एक उंच खुर्ची मांडली होती. आधी खालच्या खुर्च्या भरल्या, मग मधल्या वाटा भरल्या, आणि शेवटी माणसे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एवढी माणसे आणि एवढी शांतता एकत्र क्वचितच पाहावयास मिळते. ती शांतता श्रद्धेची होती हे खरे. पण तिच्यात भयही कालवलेले होते, कारण त्या गर्दीतील निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू होता, आणि उरलेले त्यांच्या घरचे होते.

उंच खुर्चीवर फुंकरबाबा बसले होते. देह स्थूल, स्वर मृदू, आणि हातवारे असे की ऐकणाऱ्याने शब्द सोडून हाताकडेच पाहावे.

"गोळी कुठे जाते?" बाबांनी विचारले.

"पोटात!" सभागृह म्हणाले.

"आणि भीती कुठे राहते?"

"डोक्यात!"

"मग सांगा बरं, आग लागलीय माडीवर आणि तुम्ही पाणी ओतताय तळघरात! वर्षानुवर्षं ओतताय! विझली का?" लोक हसले. बाबा थांबले, हसू ओसरू दिले आणि आवाज खाली आणला. "मी काय देतो? काही नाही. एक फुंकर. लेकराचा गुडघा खरचटला की आई घालते ती. तिला कोणत्या डॉक्टरने शिकवली हो? तरी दुखणं थांबतं की नाही?"

पुढच्या ओळीत कोणीतरी हुंदका दिला. मग बाबांनी हात पुढे केला आणि एक कृश, नीटनेटकी बाई पायऱ्या चढून मंचावर गेली. चौथ्या ओळीत बसलेल्या, उपचार केंद्रात काम करणाऱ्या प्रश्नताईने नकळत आपल्या खुर्चीची कड घट्ट धरली. मंचावर गेलेली ती बाई तिची वहिनी होती.

आठवड्यापूर्वी याच मंचावर वहिनीच्या रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला गेला होता आणि सर्वांच्या देखत दोन रेघा उमटल्या होत्या. "मनात संशय असला की दोन रेघा येतात," असे बाबा तेव्हा म्हणाले होते. दोन रेघा म्हणजे रोग आहे, एक रेघ म्हणजे नाही, एवढे त्या सभागृहातील प्रत्येकाला स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ होते. आज पांढऱ्या वस्त्रातील सेविकेने वहिनीच्या बोटाला सुई टोचली, आणि "पहिला थेंब संशयाचा" असे म्हणत बाबांनी तो कापसाने टिपला आणि कापूस वाटीत टाकला. मग त्यांनी ते बोट आपल्या ओंजळीच्या आडोशाने पट्टीवर धरले, डोळे मिटून दीर्घ फुंकर घातली, आणि एका इवल्याशा बाटलीतून तीन थेंब सोडले. "हे साक्षीचे थेंब," ते म्हणाले.

पट्टीवर लाली चढू लागली. सेविकेने ती कॅमेऱ्यापुढे धरली आणि मागच्या कापडावर तिचे चित्र पुरुषभर उंचीचे झाले. लाली पुढे सरकली, विरली, आणि मागे एकच रेघ राहिली.

सभागृहाने श्वास सोडला. तो आवाज प्रश्नताईने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तीनचारशे माणसांनी एकाच वेळी डोक्यावरचे ओझे खाली ठेवावे तसा तो होता. वहिनी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती ते कळत नव्हते.

"आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका!" बाबा उठून उभे राहिले. "मी अडाणी माणूस. हा बघा कागद! हा माझा नाही हो, उपचार केंद्राचा आहे! त्यांच्याच मोजपट्टीने मोजलंय. जे फुंकर घेतात त्यांचं आयुष्य किती सुधारलं, बघा!"

कापडावर एक आलेख झळकला. उजवीकडे चढत गेलेली निळी रेषा, आणि खाली कोपऱ्यात गोल अक्षरांतील एक सही. ती सही प्रश्नताईची होती.

* * *

उपचार केंद्रात दुसऱ्या मजल्यावर, औषधाच्या खिडकीला लागून एक अरुंद खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, बंद होणारे एक दार, आणि एकोणतीस प्रश्नांचा एक फॉर्म. येणाऱ्या रुग्णांना हे प्रश्न विचारावे आणि त्यांच्या उत्तरांना एक ते पाच गुण द्यावेत, एवढेच प्रश्नताईचे काम. झोप कशी लागते? जेवणाला चव लागते का? लोक आपल्याला काय म्हणतील याची चिंता किती वाटते? उद्याचा विचार करावासा वाटतो का? रक्तातील विषाणू यंत्राने मोजता येतो; पण त्या रक्ताच्या माणसाचे आयुष्य कसे चालले आहे, हे त्यालाच विचारल्यावाचून कळत नाही. म्हणून कोणा जाणत्यांनी हा फॉर्म सिद्ध केला होता, आणि प्रश्नताई तो एखाद्या स्तोत्रासारखा विचारीत असे, एकही शब्द न गाळता, उत्तराची घाई न करता. रुग्णांनीच तिचे नाव प्रश्नताई ठेवले होते.

"ताई, डॉक्टरीणबाई रक्त काढतात, तुम्ही जीव काढता," असे एक गॅरेजवाला रुग्ण प्रत्येक खेपेस म्हणे, आणि प्रत्येक खेपेस पाऊण तास बसून बोले.

प्रश्नताईचा मोठा भाऊ याच रोगाने गेला, तेव्हापासून नणंद-भावजय एकत्र राहत होत्या. वहिनी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काज-बटणाच्या यंत्रावर बसे. नऊ वर्षे ती गोळ्या घेत होती. रोज सकाळी साडेसातला तिच्या फोनचा गजर वाजे, ती बटणांचा डबा उघडी, बटणांच्या तळाशी ठेवलेल्या बाटलीतून एक गोळी घेई आणि डबा मिटे. शेजारीण आली, कारखान्यातली कोणी आली, तरी बटणांच्या डब्यात कोणी हात घालीत नसे. गोळीने तिला मळमळे. सकाळचा पहिला तास ती भिंतीला टेकून बसे, आणि मग "चला, आमची गाडी तापली," असे म्हणून कामावर जाई.

पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून ती बाबांच्या सभागृहात जाऊ लागली, आणि काही आठवड्यांत घर बदलले. वहिनी गुणगुणू लागली. भिंतीला टेकणे संपले. तिने आरशावरचा, भाऊ गेल्यापासूनचा कपडा काढला.

"गोळ्या चालू आहेत ना गं?" प्रश्नताईने एकदा विचारले होते.

"अहो वन्सं, चालू नसत्या तर अशी उड्या मारत असते का मी?" वहिनी म्हणाली आणि हसली. इतके मोकळे हसणे प्रश्नताईने नऊ वर्षांत पाहिले नव्हते. तिने पुन्हा विचारले नाही.

केंद्राचा नियम असा की नात्यातील माणसाचा फॉर्म दुसऱ्याने भरावा. पण त्या सहामाहीत फॉर्म भरणाऱ्याची दुसरी जागा रिकामी होती. म्हणून तो घरीच, स्वयंपाकघरातील टेबलावर भरला गेला. वहिनी भाजी निवडीत उत्तरे देत होती आणि प्रश्नताई खुणा करीत होती. झोप? "गाढ." जेवण? "दिसतंय ना, अंगावर आलंय!" उद्याचा विचार? वहिनी थांबली. "उद्या निळ्या रंगाचं कापड आणणार आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी." प्रश्नताईने पाचाला गोल केला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

अकरावा प्रश्न असा होता: रोजचे व्यवहार चालवण्यासाठी तुम्हाला औषधोपचाराची कितपत गरज भासते?

"अजिबात नाही," वहिनी म्हणाली.

या प्रश्नाचे गुण उलटे मोजावयाचे असतात. औषधाची गरज जितकी कमी, तितके आयुष्य चांगले, तितके गुण अधिक. प्रश्नताईने तेथेही पाचाला गोल केला. मागील खेपेस वहिनीचे शंभरात अठ्ठावन्न झाले होते. या खेपेस एक्याण्णव.

त्या सहामाहीत अनेकांचे गुण चढले. वरिष्ठांनी तिचे कौतुक केले. तिने आलेख काढला, त्यावर सही केली, आणि वहिनीने "ही बघा आमची रेघ, कशी वर गेलीय! एक प्रत मला द्या ना, त्यांना दाखवते," असे म्हटले तेव्हा 'त्यांना' म्हणजे कोणाला हे न विचारता एक प्रत देऊन टाकली.

मंचावरील एक रेघ पाहताना एक वाक्य तिच्या मनात चमकून गेले होते. केंद्रातील रक्त तपासणारा, ज्याला सारे सुईभाऊ म्हणत, तो म्हणे: 'दोन रेघा एकदा आल्या की जन्मभराच्या. गोळ्यांनी विषाणू निपचित पडतो. रेघा जात नाहीत.' वाक्य चमकले, आणि तिने ते मनातल्या मनात दाबून टाकले. वहिनीच्या चेहऱ्यावर जे उजळले होते ते विझवण्याचे धैर्य तिला झाले नाही.

* * *

मंचावरील त्या रविवारला दोन महिने होत आले तेव्हा वहिनीचे डोके दुखू लागले. प्रथम ती उन्हाला दोष देत होती, मग यंत्राच्या आवाजाला. मग तिला ताप भरला, उलट्या झाल्या, आणि एका सकाळी तिला सुईत दोरा दिसेना. प्रश्नताईने घाईघाईने तिचे कपडे पिशवीत भरले, आणि रुग्णालयात दाखवावी म्हणून औषधाची बाटली काढायला बटणांचा डबा उघडला.

डब्यात पाच बाटल्या होत्या. पाचही भरलेल्या, पाचही झाकणांवरचे सील जसेच्या तसे.

तेव्हा तिला कळले की कित्येक महिन्यांत घरात साडेसात वाजले नव्हते. गजर बंद झाला होता. प्रश्न विचारणे हेच जिचे काम, तिच्या कानांना ती शांतता ऐकू आली नव्हती.

"हे काय आहे, वहिनी?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "ओरडू नका, डोकं फुटतंय."

"पाच महिने? पाच महिने तू..."

"वन्सं, मी फॉर्ममध्ये खोटं सांगितलं का?" वहिनी हळूच म्हणाली. "एक तरी उत्तर खोटं होतं का सांगा. मळमळ गेली होती. डबा लपवावा लागत नव्हता. गर्दीसमोर एका माणसाने माझा हात हातात धरला होता. नऊ वर्षांत कोणी धरला नव्हता. मी खरंच सुखात होते हो."

ते सारे खरे होते.

रुग्णालयात केंद्राच्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितले की रोखून धरणारे औषध थांबल्याबरोबर विषाणू पुन्हा वाढला, अंगाची प्रतिकारशक्ती ढासळली, आणि मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला. उपचार सुरू केले आहेत. उशीर फार झाला आहे.

त्या दुपारी प्रश्नताई आपल्या अरुंद खोलीत गेली आणि तिने ज्यांचे गुण एकाएकी चढले होते असे फॉर्म वेगळे काढले. वहिनीचा सोडून सतरा निघाले. तिने अकरावा प्रश्न पाहिला. सतराच्या सतरा फॉर्मवर 'अजिबात नाही', आणि सतराच्या सतरा ठिकाणी तिच्याच हातचा पाचाभोवतीचा गोल. माणसे औषध सोडीत होती, आणि तिची मोजपट्टी त्यांना त्याबद्दल गुण देत होती.

तिने सारे डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. त्या बराच वेळ कागद चाळत राहिल्या. "फॉर्म खोटा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "या माणसांना बरं वाटतच होतं. गोळीचा त्रास थांबला की दोन-चार महिने वाटतं बरं. आपण 'किती बरं' ते मोजलं. 'कशामुळे' ते विचारायचं राहिलं. तुझं राहिलं, आणि तो आलेख मी भिंतीवर लावला, माझंही राहिलं."

दोघींनी सतरा जणांना फोन केले. नऊ जण दुसऱ्या दिवशी आले. आठ जण म्हणाले, "बाबांना विचारून सांगतो."

"आणि ती एक रेघ?" प्रश्नताईने सुईभाऊला विचारले. "ती तर मी डोळ्यांनी पाहिली."

सुईभाऊने खणातून एक मुदत संपलेली पट्टी काढली, टेबलावर ठेवली, तिच्यावर किटमधल्या बाटलीतील स्वच्छ द्रवाचे तीन थेंब टाकले आणि हाताची घडी घातली. रक्त नाही, सुई नाही. तरी पट्टीवर लाली चढली, पुढे सरकली, विरली, आणि एक रेघ उमटली.

"ही लाली रक्ताची नसते. पट्टीतच रंग भरलेला असतो, ओल लागली की धावतो," तो म्हणाला. "आणि ही रेघ 'माणूस निरोगी आहे' असं नाही सांगत. 'ओल इथवर पोहोचली' एवढंच सांगते. वहिनीचं रक्त पडलं असतं तर दुसरी रेघ बोलली असती. तुझ्या बाबाने रक्त पट्टीवर पडूच दिलं नाही. कापसात गेलं सगळं. काय फुंकर घातली, काय नाही... पंख्याखाली ठेवली असती तरी हेच झालं असतं."

त्याला विनोद करावयाचा होता. पण प्रश्नताईचा चेहरा पाहून त्याने पट्टी उचलून पुन्हा खणात ठेवली.

* * *

संध्याकाळी वहिनी शुद्धीवर होती. डोळ्यांवर ओली पट्टी होती. प्रश्नताईने तिला सारे सांगितले. लपवाछपवी आता दोघींनाही नको होती.

"फॉर्म आणलाय?" मग वहिनीने विचारले.

"कशाला गं?"

"भरा. या वेळी नीट विचारा."

प्रश्नताईने फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, एकही शब्द न गाळता, विचारू लागली. वहिनीची उत्तरे एकेका शब्दाची होती. अकराव्या प्रश्नाशी ती थांबली.

"अतिशय," ती म्हणाली. "अतिशय गरज आहे. गुण कमी होणार ना?"

"होऊ देत."

"होऊ देत," वहिनी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, इतक्या वर्षांत प्रथमच एकेरीवर येऊन, "तू रडतेस. शाई पसरेल."

शेवटचा प्रश्न आला: गेल्या दोन आठवड्यांचा विचार करता, आपल्या आयुष्याविषयी तुम्ही कितपत समाधानी आहात?

"दोनच आठवड्यांचं विचारता तुम्ही लोक," वहिनी म्हणाली. "ते बाबाचे दिवस धरायचे की नाही?" तिने हसण्याचा प्रयत्न केला. "ऐक. रविवारी तिथे जा. माझं सगळं सांग, चोरून ठेवू नकोस काही. मंचावर चढवलंन् त्याने मला. तू मला खाली उतरव."

* * *

रविवारी सभागृह पुन्हा भरले होते. प्रश्नताई उभी राहिली तेव्हा बाबांनी दोन्ही हात पसरले.

"या, या! हिच्याच हातचा तो आलेख! बोला ताई, चार शब्द बोला!"

प्रश्नताई मंचावर गेली. तिच्यामागे सुईभाऊ आपली पेटी घेऊन आला. तिने एक पट्टी काढून कॅमेऱ्याखालच्या टेबलावर ठेवली, आणि आपले दोन्ही हात वर करून दाखवले.

"सुई नाही," ती म्हणाली. "बोट नाही. रक्त नाही. फुंकरही नाही." तिने तीन थेंब टाकले.

मागच्या कापडावर पुरुषभर उंचीची लाली चढली. सभागृह पाहत राहिले. लाली विरली. एक रेघ उमटली.

"कोण बरं झालं?" तिने विचारले. "हे टेबल?"

कोणी हसले नाही. बाबांचा स्वर मात्र तितकाच मृदू होता. "ताईच्या मनात संशय आहे. संशयाच्या हाताने केलेल्या तपासणीला..."

"संशय असला की दोन रेघा येतात असं तुम्हीच सांगता, बाबा. माझ्या मनात तर काठोकाठ भरलाय. तरी एकच कशी आली?" आता कोठेतरी एक हसू फुटले आणि लगेच विझले. "त्या वाटीतला कापूस दाखवा लोकांना. सगळं रक्त त्यात आहे. एक रेघ आली त्या पट्टीवर आजवर कोणाचं पडलेलंच नाही."

सेविकेने वाटी पदराआड घेतली. ती हालचाल सर्वांनी पाहिली.

मधल्या वाटेतून एक माणूस पुढे आला. तो गॅरेजवाला होता. फोन केलेल्या सतरांपैकी, न आलेल्या आठांपैकी. मागच्याच महिन्यात या मंचावर त्याची एक रेघ आली होती. "माझी करा," तो म्हणाला. "खरी."

"इथे नको," सुईभाऊ हलक्या आवाजात म्हणाला. "केंद्रावर चल, दार बंद करून करू."

"सगळ्यांसमोर बरा झालो होतो ना? मग सगळ्यांसमोरच बघू."

सुईभाऊने बोट टोचले, थेंब पट्टीवर पडताना सर्वांना दिसेल असा टाकला, मग द्रव सोडला. दहा मिनिटे थांबावे लागते. ती दहा मिनिटे त्या सभागृहात कोणी खोकले नाही. पहिली रेघ आली. मग तिच्या शेजारी, हळूहळू, जणू नाइलाजाने, दुसरी आली.

गॅरेजवाला मंचाच्या कडेवर खाली बसला. त्याला राग आला नव्हता. त्याने प्रश्नताईकडे मान वर करून पाहिले आणि विचारले, "मग मला बरं का वाटत होतं, ताई?"

आपण जन्मभर एकोणतीस प्रश्न विचारले, पण विचारावयाचा प्रश्न हा होता, असे तिला वाटले. ती त्याच्या शेजारी कडेवरच बसली आणि माइक न घेता बोलली. सभागृह ऐकण्यासाठी पुढे झुकले.

"कारण गोळीची मळमळ थांबली. कारण बाटली लपवावी लागत नव्हती. कारण इतक्या माणसांनी तुला जवळचा म्हटलं. ते सुख खरं होतं, दादा. पण त्या सुखात विषाणू वाढत होता, आणि तो वाढताना दुखत नाही. माझ्या वहिनीला याच मंचावर यांनी बरं केलं. ती आता रुग्णालयात आहे. तिला दिसत नाही." मग ती साऱ्या सभागृहाकडे वळली. "मळमळ होते तर सांगा, गोळी बदलून मिळते. मी ते विचारायला हवं होतं. बाटली लपवावी लागते तर या, बोलू. हात धरायला माणूस हवं होतं, ते आम्ही द्यायला हवं होतं. आम्ही फॉर्म दिला. चूक आमची आहे, माझी आहे. तिची शिक्षा स्वतःच्या जिवाला देऊ नका. कोणी सांगितलं मी बरं केलं, तर विचारा: कशाने? दाखव. पुन्हा दाखव. रक्त कुठे गेलं ते दाखव. आणि तोवर गोळी सोडू नका."

बाबा काही बोलत होते, बहुधा श्रद्धेविषयी. खुर्च्या सरकण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही.

* * *

सोमवारी औषधाच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत आली होती. आठांपैकी सहा जण तिच्यात होते. दोघे आले नाहीत. ते आजतागायत आलेले नाहीत. बाबा आपले पांढरे कापड घेऊन दुसऱ्या कोठल्यातरी गावी गेले, आणि तेथेही एखादे रिकामे सभागृह असेलच.

वहिनी त्याच आठवड्यात गुरुवारी गेली. निळे कापड कपाटात घडी करून ठेवलेले होते.

अरुंद खोलीत फॉर्म आजही विचारला जातो. एकोणतीस प्रश्न जसेच्या तसे आहेत. केवळ अकराव्याखाली प्रश्नताईने पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. आज सकाळची गोळी घेतली का? नसेल, तर का? उत्तर गोड आले तर ती आणखी एकदा विचारते. रुग्ण कधी चिडतात. ती चिडू देते, आणि बाटली दाखवा म्हणते.

वाचणाऱ्यांनाही एवढीच विनंती आहे. आपल्या माणसाचा चेहरा उजळला तर आनंद करावा. तो आनंद कशाच्या बळावर उभा आहे हेही त्याच प्रेमाने विचारावे. विचारल्याने खरे सुख कमी होत नाही. न विचारल्याने काय होते, ते त्या घरात रोज सकाळी कळते. प्रश्नताईने वहिनीचा गजर आपल्या फोनवर लावून घेतला आहे. साडेसातला तो वाजतो, ती उठते, बटणांचा डबा उघडते, आणि मग तिला आठवते.